बारा वाजून तेवीस

मारित आली तेव्हा तिला ळ येत होता.
ट्रॉम्सोच्या त्या दोन महिन्यांत, जेव्हा तिकडे सूर्य उगवतच नाही,
आरशापुढे जीभ मागे वळवून वळवून
तिनं तो कमावला होता.
शाळा, ती म्हणाली. डोळे. केळी.
सावद्याच्या पॅकहाउसमध्ये, तापल्या पत्र्याखाली,
एकोणीस पोरं एकदम फिसकन हसली.
"केयी म्हन ना मॅडम," शबनूर तडवी म्हणाली,
"कायले जीभ वयवते?"

मी दुभाषी. बी.एस्सी., दुसरं वर्ष.
तिच्या इंग्रजीचं मराठी करायचं
आणि त्या मराठीचं पुन्हा घरचं.
अपूर्णांक म्हटलं की सगळे पत्र्याकडे बघत;
बारा केयांची फणी, पाच खाल्ली म्हटलं
की हात वर.
एकदा खेमसिंगनं विचारलं, वजा गुणिले वजा
अधिक कसं काय?
मी भाषांतर केलंच नाही.
"असतं तसं," म्हणाले.
मारितनं माझ्याकडे बघितलं. तिला शब्द कळले नव्हते,
उत्तर फार लवकर संपलं, एवढं कळलं.
त्या रात्री गच्चीवर तिनं मला ते शिकवलं,
कर्ज माफ होण्याचं उदाहरण देऊन नव्हे,
नुसत्या रेघेवर, मागे तोंड करून मागे चालत.
अकरा वर्षं मी ते वापरत होते.

सव्वीस मे. पारा पंचेचाळीस.
एरवी वर्ग सकाळी सात ते दहा,
पण त्या दिवशी तिनं सगळ्यांना दुपारी बोलावलं.
अंगणात मीटरभराची काठी, ओळंबा लावून सरळ.
सावली आखडत आखडत
बुंध्याशी आली,
आणि बारा वाजून तेवीस मिनिटांनी
कुठेच नव्हती.
पोरांना त्याचं काय! "बाप म्हनतो, या येयेले
सावयी पायाखाले दडते," डिगू म्हणाला,
"तवा घड आंगावर घेऊ नै, भोवय येते."
मारित मात्र स्वतःच्या पायांकडे बघत उभी.
एक पाय उचलला. ठेवला. दुसरा उचलला.
तिच्या गावी सूर्य कधीच डोक्यावर येत नाही,
जन्मापासून तिच्यासोबत
दुपारीसुद्धा कुणीतरी आडवं पडलेलं असे.
शबनूरनं आपली ओढणी तिच्या डोक्यावर टाकली.
"बस आता. लू लागीन."

सव्वाचारला फोन वाजला.
तिकडे तेव्हा दुपार झाली होती.
तिच्या आईनं बर्फ उरलेल्या कुंपणापाशी
तेवढीच काठी रोवून फोटो धाडला होता:
सावली एकशे तेरा सेंटिमीटर.
इथं शून्य, तिथं एकशे तेरा.
फरशीवर खडूनं त्रिकोण काढला,
कोनमापक शिसपेन्सिलीच्या टोकानं दाबून धरला,
साडेअठ्ठेचाळीस अंश.
पृथ्वीची पाठ किती वाकली आहे, ते
सावद्याच्या फरशीवर होतं,
केळीच्या चिकाच्या डागांमध्ये.
"किती दूर मंग?" साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास.
डिगूला हे पटेना. त्यानं खडू घेतला,
दहा-दहा मीटरच्या केयीच्या ट्रका
एकामागे एक उभ्या केल्या,
आणि पाच लाख चाळीस हजाराला येऊन थांबला.
"मंडीत जाम व्हईन," म्हणाला.

जूनच्या शेवटी ती गेली.
निघताना केयी म्हणाली, नीट,
ळ कुठल्या तरी बॅगेत राहिला असावा.

सतरा जुलैला सूर्य परतीच्या वाटेवर
पुन्हा एकदा बरोब्बर आमच्या माथ्यावर येणार होता.
मी कुणाला बोलावलं नव्हतं.
सात-आठ जण आलेच. शबनूर काठी घेऊन.
आभाळ सकाळपासून राखाडी,
कशालाच सावली नव्हती,
काठीला नाही, ट्रकला नाही, हातपंपाला नाही.
बारा तेवीस झाले, गेले.
"काय लिहू वहीत?" मी विचारलं.
तिनं बराच वेळ विचार केला.
"लिही, सावयी नै दिसली.
पन आज कोन्त्या कारनानं नै दिसली,
थे सांगता येत नै."