दक्षिणेकडे मोकळं आभाळ

बेमिजीच्या दुकानात डेल्विन नावाच्या पोराने
दोन्ही प्रकार काउंटरवर मांडले, म्हणाला,
घुमट घ्या, मॅडम. छतावर बसवला की विषय संपला.
बटण दाबा, तो स्वतःच फिरतो, स्वतःच शोधतो,
कॉफीचं पाणी उकळायच्या आत चित्र हजर.

एल्डनने घुमटावर टकटक केलं,
कलिंगड घेताना करतो तसं.
किंमत वाचली. चष्मा पुसला. परत वाचली.

आणि झाडं? मी विचारलं.
झाडांचं मात्र अवघड आहे, डेल्विन म्हणाला.
उपग्रह दक्षिणेला, आणि आपण इतके उत्तरेला
की तो दिसतो अगदी खाली,
कुंपणावरून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा.
मध्ये एक पाइन आला तरी खेळ खलास.
घुमट हवा तर गाडी उन्हात लावा.
सावली हवी तर ही तबकडी, ही तिपाई,
ही पन्नास फूट केबल,
आणि मोकळी जागा शोधत हिंडा.

चाळीस उन्हाळे एल्डनने हायवेवर डांबर टाकलं.
सावलीवरून त्याच्याशी कोण वाद घालणार?

तिपाई तर तिपाई.
डेल्विनने अर्ज पुढे सरकवला. पत्ता लिहा,
लोकल चॅनेल पत्त्यावरून ठरतात.
घर आम्ही एप्रिलमध्ये विकलं, फ्रीजसकट.
टपाल येतं साउथ डकोटातल्या एका पेटीत,
त्या गावात आम्ही एकच रात्र झोपलोय.
एल्डनने जुना पत्ता लिहिला,
झिप कोडसकट, न अडखळता.
मी पेनाकडे बघत राहिले. काही बोलले नाही.

सप्टेंबर. तळ्याकाठची पहिली रात्र.
तो बाहेर, कपाळावर टॉर्च, हातात होकायंत्र,
मी आत, पडद्यावरच्या आकड्यापुढे.
बावीस!
काय?
बावीस! डावीकडे!
कुणाच्या डावीकडे?
अडतीस. एकसष्ट. थांब, थांब –
गेलं.
शेजारच्या ट्रेलरमधली वॉनीटा खिडकी उघडून
बिंगोचे आकडे ऐकावेत तशी ऐकत बसलेली.
त्रेपन्न, मी ओरडले. सत्तर. वर कर, जरासं वर,
अरे, मान नाही, तबकडी!
अख्ख्या हिवाळ्यात आम्ही एकमेकांशी
इतकं बोललो नव्हतो.

ब्याऐंशी.
आता हात लावू नकोस.
त्याने दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरलं,
वजन म्हणून तिपाईला टांगलं,
आत येऊन बूट न काढताच बसला.

पडद्यावर आमचा जिल्हा, आमच्या हवामानवाल्या बाई.
आज रात्री दहिवर गोठेल, त्या म्हणाल्या,
टोमॅटो झाकून ठेवा.
एल्डन खुर्चीतून अर्धा उठला,
जुन्या चादरी शोधायला.

मग बसला.

बाहेर वाळूत तिपाईचा एक पाय
किंचित खचला असावा.
एकोणऐंशी, मी म्हणाले.
या वेळी हळूच.