दुसऱ्यांच्या हातांवर

ग्रिम्सबीच्या गोदीतला कारखाना बंद झाला
त्या शुक्रवारी मला एक पाकीट मिळालं,
आणि गमबूट घरी न्यायची परवानगी.
बावीस वर्षं हॅडॉक सोललेले हात.
आता काय सोलायचं?

भाची म्हणाली, नखांचं काम शिक, लोर्ना मावशी.
मला हसू आलं. आमच्या पट्ट्यावर
नखं वाढवायलाच बंदी होती,
नखरा तर दूरच.

तरी चौकशी केली.
क्लीथॉर्प्सच्या एका हॉटेलात एका दिवसाचा कोर्स:
नऊला आत, चारला प्रमाणपत्र हातात,
वर गुलाबी पेटी, तिच्यात दिवा आणि बारा बाटल्या.
कॉलेजात तीस आठवडे, दर मंगळवारी.
फी ऐकून पाकीट खिशातच आकसलं.

हॉटेलवाल्यांना पैसे पाठवणारच होते.
त्याआधी बसथांब्यामागच्या दुकानात शिरले, नुसतं बघायला.
तिथली इल्झे लाटव्हियाची, बोलायला कंजूष.
विचारलं, कुठली सिस्टीम घेऊ,
ॲक्रिलिक, जेल, की ती बोट पावडरीत बुडवायची?
तिनं माझा हात उलटा करून पाहिला
जसा आपण मासा पाहतो, ताजा की शिळा.
म्हणाली, नख मेलेलं असतं,
कडेचं कातडं जिवंत.
कच्चं जेल त्याच्यावर सांडत राहिलीस
तर एक दिवस ते उलटतं. मग आयुष्यभर
दात भरायला गेलीस तरी आधी सांगावं लागतं.
हे तुला चार वाजेपर्यंत कोण सांगणार?

मंगळवार सुरू झाले.
सरावाला प्लास्टिकचा हात दिला, मनगटापासून तोडलेला.
मी त्याचं नाव पर्सी ठेवलं,
रात्री तो फ्रिजवर पालथा झोपायचा.
ॲक्रिलिकचा मणी ब्रशच्या टोकावर:
जरा ओला, की पसरला,
जरा कोरडा, की भुगा,
आणि वास असा की शेजारचा कुत्रा रस्ता बदलायचा.
सगळ्यांनी धरलंच होतं, लोर्ना हेच घेणार,
सुरी चालवलेली बाई, हात चपळ.

पण ते थांबत नाही.
तुम्ही विचार करता तोवर घट्ट होतं.
जेल दिव्याखाली जाईपर्यंत तुमची वाट पाहतं,
चुकलं तर पुसू देतं, पुन्हा पुसू देतं.
बावीस वर्षं तो पट्टा
माझ्यासाठी एकदाही थांबला नव्हता.
मी जेल घेतलं. ज्या कंपनीचं जेल, त्याच कंपनीचा दिवा,
इल्झेनं बजावल्याप्रमाणे. महाग पडला.

पहिलं जिवंत गिऱ्हाईक मॅव्हिस ड्रूरी,
पट्ट्यावर माझ्या डाव्या हाताला उभी असायची.
तिच्या अनामिकेच्या नखाला मधोमध चीर,
सुरी निसटली होती, त्या दिवशी मीच बोट दाबून धरलं होतं.
लाल हवेत, म्हणाली, आणि लांब,
आता कोण बंदी घालतंय!
थर जाड लागला माझा.
दिव्यात हात घातला आणि किंचाळली, भाजतंय गं!
मग दोघी इतक्या हसलो
की पर्सी फ्रिजवरून खाली पडला.
चिरेच्या नखावर मी काहीच लावलं नाही.
नुसतं घासलं, तेल चोळलं.

हातावर पोट असतं म्हणतात.
माझं आता दुसऱ्यांच्या हातांवर.

नवव्या दिवशी तिचा फोन.
एक नख रविवारच्या पुडिंगच्या पिठात सापडलं,
जावयाच्या वाटणीला जाता जाता वाचलं.
काडेपेटीत घालून घेऊन आली.
पैसे परत देऊ केले, तर म्हणाली,
पैसे ठेव, आधी बघ कुठं चुकलं.

उजेडात धरलं.
आतल्या बाजूला, कडेशी, एक फिकट डाग,
तिथं मी नीट कोरडं केलं नव्हतं.
काडेपेटी अजून टेबलावर आहे.
उद्या मंगळवार. इल्झेला दाखवीन म्हणते,
पण ती काही बोलायची नाही,
माझा हात उलटा करून बघेल.