आधी हवा

करंज्यात, पिठाच्या गिरणीला लागून
दस्तगीर शिकलगारचं शेड.
दुपारी गिरणी सुरू झाली की
त्याच्या पान्यांवरही पीठ बसतं.
मी प्रिया ढकलतच नेली. मागचं चाक बसलेलं,
या महिन्यात तिसऱ्यांदा.

"ट्यूबचा दोष नाही बाई. रिम खातीये तिला."

त्यानं वॉल्व्हची पिन काढली आणि थांबला.
चाक सपाटच होतं, तरी थांबला,
कान लावून.
"आधी हवा. मग नट."
वरच्या ओठावरची पांढरी रेघ दाखवली:
चौदाव्या वर्षी, उस्तादाची पाठ फिरताच
भरल्या चाकाचे नट सोडले होते त्यानं.
एक अर्धं छपराचा पत्रा फाडून गेलं,
दुसरं इथं.

स्कूटरची रिम अखंड नसते
हे मला पन्नाशीत कळतंय.
दोन ताटल्या, एक खोल, एक उथळ,
पाठीला पाठ लावून
आवळलेल्या.

टायर निघाला. खोल अर्ध्यावर
अण्णांनी मारलेला चंदेरी, त्याखाली आणखी एक पांढरा,
आणि टायरच्या ओठाखाली, ऊन कधी न पोचलेल्या जागी,
कारखान्याचा करडा.
बोटभर. कोरा.
अण्णा इथल्याच कारखान्यात, चाकांच्या लायनीवर.
हप्त्यानं घेतलेल्या स्वतःच्या गाडीबद्दल म्हणायचे,
माझ्या हातचे नट आहेत, सुटायचे नाहीत.

दस्तगीरनं पेचकस टोचला.
पापड मोडावा तसा काठ मोडला.
उथळ अर्धं मात्र त्यानं वाजवून दाखवलं,
गिरणीच्या घरघरीतही खणखणलं.
"हे ठेवू. खोल तेवढं नवं घालू.
बसतंय का बघू."

पेढ्याच्या खोक्यात नट रॉकेल पीत पडले
आणि मी पायरीवर बसून भालूला आठवत राहिले.
अण्णांच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी
गोडोलीचा प्लॉट मोजायला माणूस आला,
टेपचं एक टोक भालूकडं, एक माझ्याकडं,
दोघांच्या छातीत गच्च भरलेलं.
कान कुणीच लावला नाही.
सहा वर्षं झाली.
माझी रेघ कुठं आहे ते मला ठाऊक आहे.
त्याची कुठं, ते विचारलं नाही.

नवं अर्धं बसेना.
भोकं सुतभर चुकत होती.
दस्तगीरनं दिल्लीच्या कुठल्याशा कारखान्याला शिवी दिली,
कानस घेतली, घासलं, लावलं, काढलं,
परत घासलं.
चौथ्या खेपेला नट नुसत्या बोटानं फिरत गेला.
"बोटानं चढला तर आपला," तो म्हणाला,
"पान्यानं दामटला तर..."
पुढचं गिरणीनं दळलं.

गंजकं अर्धं मी भंगारात टाकू दिलं नाही.
कशाला हवंय, त्यानं विचारलं.
सांगता आलं नाही. पिशवीत घातलं,
पिशवीला लाल पूड लागली.

पोवई नाक्याच्या बोगद्यात
तिसाच्या वर हँडल थोडं थरथरलं.
पन्नासेक किलोमीटर चालवा, म्हणाला होता,
मग आणा, नट एकदा परत बघावे लागतात.

भालू कराडला असतो.
कराड बावन्न.
जाऊन येऊन शंभराच्या वर होतात,
तेवढं चालेल का
हे विचारायचं राहिलंच.