करंगळीसाठी खिडकी

सहा नंबर डाव्याला होतो,
उजव्याला चावतो.
सात घेतला तर उजवा खूश
आणि डावा आत असा हिंडतो
जसा शेवटच्या बसमधला एकटा पॅसेंजर.

एकोणीस वर्षं उभ्यानं तिकिटं दिली मी,
कात्रज ते निगडी, निगडी ते कात्रज.
पाय पसरले. पसरणारच.
गचका बसला की बोटांनीच जमीन धरायची,
हात सुट्ट्या पैशांत गुंतलेले.

लक्ष्मी रोडचा पोरगा म्हणाला,
'लेडीजमध्ये एवढा रुंद येत नाही, मावशी.'
कॅम्पातला म्हणाला, 'वापरून सैल होतील.'
हे मला लग्नातल्या चपलांपासून सांगतायत.
जंगली महाराज रोडला मशीनवर उभं केलं,
पडद्यावर माझ्या टाचांचे लाल-निळे डाग,
मग बारा हजारांचा जोड पुढ्यात.
तोही चावला.
महागडं चावणं, एवढाच फरक.

सगळे नंबर विचारतात.
पळायचं कशाला, हे कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं:
एवढी वर्षं वेगात काढली,
पण चालवत दुसरंच कुणी होतं.

रविवार पेठेतल्या एका बोळात
मुर्तुझाभाईंनी फरशीवर जुना कागद अंथरला,
'उभ्या राहा,' म्हणाले,
आणि पेन्सिल फिरवली पायांभोवती.
गुदगुल्या झाल्या. हसू दाबलं.
कागद उजेडात धरून ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, 'बाई, ही जोडी नाहीच.
दोन शेजारी आहेत.'
आणि पुरुषांच्या खणातून एक करडा जोड काढला.
बत्तीसशे. मी घासाघीस केली नाही
(हे कुणाला सांगू नका).

सणस मैदान, पहाटे पाच.
चार फेऱ्या सुखाच्या.
पाचवीला उजवी करंगळी बोलायला लागली,
सहावीला भांडायला.

घरी येऊन ब्लेड घेतलं.
'अगं, नवा बूट तो!' दशरथ पेपरातून ओरडला.
बाजूची जाळी नखाएवढी कापली,
करंगळी बाहेर आली,
खिडकीची सीट मिळाल्यासारखी
वारा खात बसली.

उद्या पहिली शिफ्ट. त्याआधी आठ फेऱ्या.
डाव्यात मात्र अजून
थोडा कापूस कोंबावा लागतो.