पान एक्केचाळीस

पान एक्केचाळीसवर सहा ओळींत उरकलेत राक्षसरक्ती:
शिंगं, शेपूट, आगीपासून बचाव,
मोहिनी अधिक दोन,
आणि तळाला तिरप्या अक्षरांत,
लोक यांच्याकडे संशयाने पाहतात.
संशयाला आकडासुद्धा दिलाय. उणे दोन.
कुठल्याही गावात, पहिल्या भेटीला, जन्मभर.

आम्ही खेळतो रविवारी दुपारी, नाशिकरोडला,
झुबेरच्या झेरॉक्सच्या दुकानात, शटर अर्धं ओढून.
नकाशा कागद कापायच्या टेबलावर.
खेळ मी चालवतो. म्हणजे हवामान मी, सावकार मी,
पुलाखालचं भूत मी,
आणि वेशीवरचा रखवालदारही मीच,
ज्याने त्या दिवशी सोजरला अडवलं.

सोजर सातपूरच्या आयटीआयची, वायरमन ट्रेडला.
तिचं पात्र धुमी: राक्षसरक्ती, कुलपं उघडण्यात पटाईत.
मी आवाज जाड केला. "शेपूट दाखव. पिशवी उलटी कर."
सगळे हसले. मीही.
वीस बाजूंचा फासा. पडले अकरा.
उणे दोन, नऊ.
वेस बंद.

ती भांडली नाही.
पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली,
"आमच्या आज्याच्या बापाला
रोज रात्री चौकीवर हजेरी द्यावी लागायची.
काही केलं म्हणून नव्हे.
जन्मला म्हणून."
मग म्हणाली, "चालू दे. कुणाची पाळी?"

रात्री मी लाल पेन घेऊन बसलो.
उणे दोन खोडून शून्य केलं.
खोटं वाटलं, जणू सगळी गावं एका रात्रीत सुधारली.
मग लिहिलं, हे लोक फार प्रामाणिक असतात, फार शूर.
तेही खोडलं. गोड असला तरी शिक्काच तो.
शिंगं काढली, शेपूट काढलं,
उरला दुसऱ्या पानावरचाच माणूस,
थोडा ऊबदार.
चारच्या सुमाराला पेठरोडकडे
मेथीचे टेम्पो जाऊ लागले. मी तिथेच.

आणि हे शहर तरी.
म्हणतात इथे एका बाईचं नाक कापलं
आणि जागेला नाव पडलं ते
ना कापणाऱ्याचं, ना तिचं.
नाकाचं.
रक्ताने राक्षसी होती, एवढं सांगून
गोष्ट पुढच्या अरण्यात निघून जाते.
तिच्या बाजूने फासा कुणी टाकलाय,
मला आठवत नाही.
मी इथेच जन्मलो. पत्त्यात रोज तेच नाव लिहितो.

सकाळी नवीन पान असं झालं:

रक्तातून येतं ते नाक.
ओल, गंज, घाबरलेल्या माणसाचा घाम,
हे त्यांना आधी कळतं.
बाकी घरात जे शिकवलं ते.
शिंगं ऐच्छिक.
संशय: हा गुण गावाचा आहे,
गावाच्या पानावर लिहावा.
फासा गावाने टाकावा.
दहाच्या खाली पडला तर वेस बंद राहील,
आणि त्या रात्री गावाचं जे अडेल
ते अडलेलंच राहील.

झुबेरने प्रती काढल्या, पाठकोऱ्या कागदावर,
मागे कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा मजकूर.
सोजरने दोनदा वाचलं.
"शिंगं ऐच्छिक म्हणजे?"
म्हटलं, नकोत तर नकोत.
"मला हवीत," ती म्हणाली,
"मोठी. वेशीत अडकतील एवढी."

मग गावाचा फासा मी उचलला.
इतकी वर्षं फासे हाताळतोय,
पण हा तळव्याला ओलसर लागला.
कुणी हसत नव्हतं.
टाकला, तो नकाशावरून घरंगळत
नदी ओलांडून, टेबलाच्या कडेवरून
खाली गेला.
झुबेर मोबाईलचा उजेड घेऊन ओणवा झाला.
"किती?" सोजरने विचारलं.
"थांब," तो खालून म्हणाला,
"कातरणात रुतलाय. तिरका."