दुसरं कोहळं

सात वर्षं झाली प्रणिताला या घरात येऊन
आणि सातही वर्षं, माघातल्या त्या रविवारी,
अडाणच्या काठच्या शेतात कोंबडे भाजले जातात तेव्हा
कोणी ना कोणी तिला म्हणतंच, आणि प्रेमानंच म्हणतं,
"रस्सा घे नं व माय, फोडी नको घेऊ."
ती हसते.
भाकर, ठेचा, मुळ्याच्या दोन चकत्या घेऊन
बंडीच्या जुवावर जाऊन बसते.

थोरली जाऊ म्हणून मी हे सात वर्षं पाहिलं.
पाहिलं म्हणजे काय,
पाहिलं आणि पुन्हा कोंबड्यांना मसाला चोळत बसले.

औंदा मनात घेतलं :
आलू नाही. पिवळं वरण नाही.
तिच्यासाठी म्हणून केलेलं काहीतरी,
मधोमध ठेवावं
आणि माना वळाव्यात असं.

टिनावरची कोहळी उतरवली दोन.
एक पोट्ट्याच्या डोक्याएवढं,
दुसरं लहान, देठाशी वाकडं,
ते आपलं असू द्यावं म्हणून.
वरून टोपी कापली, बिया मुठीनं ओढल्या,
बोटं संध्याकाळपर्यंत पिवळी.
तुरीचे सोले जाड्या तव्यावर, तडतडेपर्यंत,
लसूण, जिरं, करपता करपता राहिलेलं खोबरं,
सांबार दांड्यांसकट,
जवसाचं तेल, सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या इतकं.
चव कोणाला विचारावी?
तिला विचारलं तर गुपित फुटतं.
मीच मीठ चाखत राहिले, तीनदा,
तिन्हीदा वेगळं लागलं.
मग टोपी बसवून कणकेनं सांध लिंपली,
चूल लिंपावी तशी, दोन बोटांनी.

विस्तव हे मामंजींचं खातं.
गोवऱ्या ते रचतात, दुसऱ्यानं रचलेल्या पाडून पुन्हा रचतात.
"हे काय व? पालाच भाजता का आता?"
"पाला नाही मामंजी, कोहळं."
काठीनं दोन्ही कोहळी उलटून पाहिली त्यांनी,
बैल पाहावा तशी.
"निखाऱ्यात नको टाकू. निखारा साल खाते, अंदर कच्चंच राहते.
याले राख लागते."
आणि स्वतःच कडेची राख उकरून जागा केली,
कोंबड्यांकडे पाठ करून.

फोडलं तेव्हा जी वाफ निघाली
ती बंडीपर्यंत गेली, विहिरीपर्यंत गेली.
माना वळल्या.
नणंद म्हणाली, जराशी चव पाहते.
पोट्टे म्हणाले, आम्हालेही.
शेजारच्या वावरातले देवमनराव उगाच तंबाखू मागायला आले
आणि रोडगा हातात घेऊन उभेच राहिले.
मामंजींनी कोंबडीची तंगडी ताटात तशीच ठेवून
सोले वेचून खाल्ले. म्हणाले, "मीठ बरोब्बर."

प्रणिता तेव्हा रोडगे वाढत होती.
तिच्यापर्यंत कोपर पोचलं
तेव्हा साल होती, आणि सालीला चिकटलेले चार सोले.
रोडग्याच्या तुकड्यानं तिनं ते नीट पुसून घेतलं.
"मस्त झालं होतं वाटते," म्हणाली.

होतं.
या एका शब्दावर मी दुपारभर कोणाशी धड बोलले नाही.

ऊन उतरलं. माणसं खाटांवर आडवी.
आम्ही दोघी गंज घासायला बसलो,
राख घ्यायला हात घातला
तर हाताला लागलं काहीतरी, कोमट, टणक,
देठाशी वाकडं.

ताट नाही, पान नाही.
दगडावर आपटून फोडलं,
राखेच्या बोटांनीच खायला बसलो.
तिनं पहिला घास घेतला. थांबली.
पुन्हा चावला.

"वहिनी," म्हणाली, "मीठ कमी आहे."

सात वर्षांत पहिल्यांदा
तिनं या घरात काही कमी आहे म्हटलं.
मी उठले. मिठाचा पुडा बंडीत कुठंतरी होता.