बुडेल की तरंगेल

फ्रिजवरचा कागद म्हणतो, गुरुवार: पाणी.
सोमवारचं अक्षर गळायला लागलंय,
राजम्याचे दाणे चिकटवून केलेला क्यू
शेपटीकडून उकलतोय. मंगळवार तापात गेला.

बाहेर सस्कॅचवानचा पांढरा माळ, उणे एकतीस.
दारात तीन जाडजूड कोट,
बुटांखाली वितळलेली डबकी.
मार्लिस टब भरते, विचारते, बुडेल की तरंगेल?

चमचा बुडाला. बूच तरंगलं.
टिल्डानं न विचारताच बटाटा सोडला
आणि बाहीसकट स्वतःही गेली, कोपरापर्यंत.
संत्रं तरंगलं, गुबगुबीत, ऐटीत.
मग मार्लिसनं ते सोललं, परत सोडलं,
तर सरळ तळाशी.

ओरेस्ट, वय चार,
सप्टेंबरपासून नुसती मान हलवणारा,
टबावर वाकून बघत राहिला.
"त्याचा कोट काढलास तू," म्हणाला.

सालीतल्या हवेबद्दलचं
रात्री पाठ केलेलं वाक्य
मार्लिसनं गिळून टाकलं.

दुपारी झोपायच्या वेळी
ओरेस्ट कोट काढेना. चेन हनुवटीपर्यंत.
तिनं बूट तेवढे उतरवले,
आणि चटईवर त्याला
तसाच तरंगू दिला.